सनद मिळाली, पण बसायचं कुठं?

परवा संध्याकाळी वडीगोद्रीच्या घरी पेढे आले. गल्लीतल्याच एका शेतकऱ्याची पोरगी वकील झाली. सनद हातात आली म्हणून बापलेक दोघं पेढे घेऊन आले होते. पोरीनं पाया पडून लगेच विचारलं, "काका, अंबडला बसू का संभाजीनगरला जाऊ?"

मी अंबडच्या कोर्टात वीसेक वर्षं वकिली करतोय. तरी मला पटकन उत्तर देता आलं नाही. चहा झाला, गप्पा झाल्या, बापलेक निघून गेले. रात्री झोप लागेना. तिला जे सांगायचं होतं ते जरा लांबचं आहे, शंभर वर्षांमागून सुरू होतं. म्हणून इथं लिहितोय. तिनंही वाचावं आणि ज्यांच्या घरात पोरगं-पोरगी एलएल.बी. करतंय त्यांनीही वाचावं.

आपला भाग निजामाच्या राज्यात होता हे सगळ्यांना माहीत आहे. १७ सप्टेंबरला झेंडा लावतो आपण. पण कोर्टाच्या बाबतीत त्याचा अर्थ काय होता, हे फारसं कुणी सांगत नाही.

१८८० च्या दशकात निजामाच्या दरबारात फारसी जाऊन उर्दू आली. राज्यात मराठी, तेलुगू आणि कानडी बोलणारेच बहुसंख्य, पण कोर्टाची भाषा उर्दू. म्हणजे अंबड तालुक्यातला शेतकरी बांधाचं भांडण घेऊन गेला तर त्याचं गाऱ्हाणं मराठीत, दावा उर्दूत आणि निकालही उर्दूत. मधे अर्जनवीस. तो काय लिहितोय हे अंगठा देणाऱ्याला कळायचं नाही. तारखासुद्धा फसलीच्या. महिने आजुर, दै, बहमन असे. फसली सनात ढोबळमानानं ५९० मिळवले की आपलं इंग्रजी साल येतं. आजही जुन्या कागदावर १३५० फसली दिसलं की आम्ही बोटं मोडून हिशोब करतो.

तेव्हा वकील कोण व्हायचा? ज्याला उर्दू येतं तो. वकिलीची परीक्षा असायची, तिला बसायचं तर उर्दू पक्कं पाहिजे. १९१८ ला उस्मानिया विद्यापीठ निघालं, तेही उर्दू माध्यमाचं. मराठी घरातलं पोरगं आधी उर्दू शिकणार, मग कायदा शिकणार, मग हैदराबादला जाणार. गावात ज्याच्या घरी दोन वेळची भ्रांत, त्याला हे कसं जमायचं?

तरी जमवलेली माणसं होती. केशवराव कोरटकर हे तेव्हाच्या परभणी जिल्ह्यातल्या खेड्यातून आलेले. त्यांनी गुलबर्ग्याला वकिली केली, मग हैदराबादला, आणि पुढं ते तिथल्या हायकोर्टाचे न्यायाधीश झाले. गुलबर्ग्याचं नूतन विद्यालय आणि हैदराबादची विवेकवर्धिनी उभी करणाऱ्यांत ते होते. वकिलीत मिळवलेला पैसा आणि वजन त्यांनी शाळांत घातलं. वामनराव नाईक, काशीनाथराव वैद्य, दिगंबरराव बिंदू हेही वकीलच. हैदराबाद संस्थानात सभा घ्यायला परवानगी लागायची, वर्तमानपत्रावर बंधनं होती. अशा राज्यात सरकारसमोर उभं राहून कायद्याच्या भाषेत बोलू शकणारा माणूस म्हणजे वकील. त्यामुळं आपल्याकडच्या चळवळीत वकील पुढं दिसतात, ते काही उगाच नाही.

१९३८ ला वंदे मातरम् म्हटलं म्हणून विद्यार्थ्यांना उस्मानियानं काढून टाकलं. औरंगाबादच्या कॉलेजातली पोरंही त्यात होती. नागपूर विद्यापीठानं त्यांना जवळ केलं. पुढं पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे त्याच पोरांपैकी एक, आणि त्यांनी कायद्याची पदवी घेतली ती नागपूरची. एक दार बंद झालं तर दुसऱ्या राज्यात जाऊन शिकायचं, हे आपल्याकडं तेव्हापासून चालत आलंय.

आणि बायका? शेजारच्या ब्रिटिश हद्दीत १९२३ ला कायदा करावा लागला की बाई आहे म्हणून वकिली नाकारता येणार नाही. कॉर्नेलिया सोराबजी या नाशिकला जन्मलेल्या. ऑक्सफर्डला कायदा शिकून आल्या तरी या कायद्यापर्यंत त्यांना रीतसर वकील म्हणून उभं राहायला झगडावं लागलं. पेढे घेऊन आलेल्या पोरीला हे मी मुद्दाम सांगणार आहे. तिच्या हातातल्या कागदाला शंभर वर्षांची वाट आहे.

पोलीस ॲक्शन झाली, १९४८ ला आपण भारतात आलो. मग पटापट कायदे बदलले. १९४९ ला जहागिरी गेल्या. १९५० ला हैदराबादचा कूळ कायदा आला, संरक्षित कूळ हा शब्द तेव्हाचा. १९५४ ला इनामं खालसा करायचा कायदा आला. जमीन एकाच्या नावावरून दुसऱ्याच्या नावावर जायला लागली, आणि जमीन हलली की कोर्ट भरतं. आज २०-२२ वर्षांचं पोरगं अंबडच्या कोर्टात येतं. त्याला वाटतं महाराष्ट्र सगळा एक, कायदा एक. पहिल्याच फाईलमध्ये त्याला खिदमतमाश, मदतमाश, संरक्षित कूळ भेटतं. पुण्या-मुंबईच्या कॉलेजात हे कुणी शिकवलेलं नसतं. हे शिकायचं तर इथल्याच जुन्या वकिलाजवळ बसावं लागतं. मराठवाड्याच्या वकिलीचं हे खरं भांडवल आहे, आणि ते म्हाताऱ्या माणसांच्या डोक्यात आहे. लिहून ठेवलेलं फार थोडं.

१ नोव्हेंबर १९५६. मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात आले. आपला अंबड तालुका तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यात होता. जालना जिल्हा झाला तो १ मे १९८१ ला. राज्य बदललं तसं हायकोर्टही बदललं. आधी अपील हैदराबादला असायचं. जालन्याला जाऊन गाडीत बसलं की थेट हैदराबाद, कारण ही लाईन निजामाचीच. आता अपील मुंबईला. जालन्याहून छोटी गाडी, मनमाडला उतरून मोठी गाडी, मग मुंबईत मुक्काम. मुंबईचा वकील, मुंबईची फी, आणि त्याला इनाम-मदतमाश समजावून सांगायचं ते वेगळंच. शेतकरी खालच्या कोर्टात हरला तर बऱ्याचदा तिथंच विषय संपायचा. चूक निकाल असला तरी.

भाषा मात्र जवळ आली. उर्दू गेलं, इंग्रजी आणि मराठी आलं. औरंगाबादला १९५६ ला माणिकचंद पहाडे लॉ कॉलेज निघालं, १९५८ ला मराठवाडा विद्यापीठ. म्हणजे उस्मानियाला न जाता, उर्दू न शिकता आपल्या भागात राहून वकील होता यायला लागलं. शेतकऱ्यांची, मास्तरांची, दलित घरातली पोरं वकील झाली ती यानंतर.

आता सनदेचं बघू. ब्रिटिश अमलात वकिलांच्या जाती होत्या. बॅरिस्टर वेगळा, ॲडव्होकेट वेगळा, हायकोर्टाचा वकील वेगळा, प्लीडर वेगळा, मुखत्यार वेगळा. कुणी कुठल्या कोर्टात उभं राहायचं ते ठरलेलं. १९६१ च्या ॲडव्होकेट्स ॲक्टनं हे मोडून काढलं. देशभर एकच वर्ग, ॲडव्होकेट. अंबडच्या कोर्टातल्या वकिलाकडं तीच सनद आहे जी दिल्लीच्या सुप्रीम कोर्टातल्या वकिलाकडं आहे. कागदावर तरी आपण सारखे झालो. ही लहान गोष्ट नाही.

सुरुवातीला या कायद्यात पदवीनंतर उमेदवारी आणि परीक्षा होती. १९७३ च्या दुरुस्तीनं ती काढली. पदवी मिळाली की सनद. पुढं बार कौन्सिलला वाटलं की पोरं कच्ची येतायत, म्हणून १९९५ ला एक वर्षाच्या उमेदवारीचा नियम केला. सुप्रीम कोर्टानं १९९९ ला तो रद्द केला, कारण कायद्यानं तो अधिकार कौन्सिलला दिलेलाच नव्हता. त्याच १९९५ ला आणखी एक नियम कोर्टानं उडवला. पंचेचाळिशीनंतर सनद नाही असा तो नियम होता. म्हणून आज निवृत्त मास्तर, निवृत्त तलाठी काळा कोट घालून येतात. काहीजण हसतात. मी हसत नाही. तलाठी राहिलेला माणूस फेरफार जितका ओळखतो तितका मी ओळखत नाही.

मग २०११ पासून अखिल भारतीय बार परीक्षा आली. आधी तात्पुरती सनद, मग दोन वर्षांत ही परीक्षा पास व्हायची. मराठीतही देता येते. २०२३ च्या फेब्रुवारीत सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं ती वैध ठरवली.

आणि पैसे. कायद्यात सनदेची फी साडेसातशे रुपये लिहिलेली. अनुसूचित जाती-जमातींना सव्वाशे. पण राज्याराज्यांच्या बार कौन्सिल कल्याण निधी, ग्रंथालय, ओळखपत्र अशा नावांखाली घेत होत्या किती? कुठं पंधरा हजार, कुठं चाळीस हजारांच्या वर. ३० जुलै २०२४ ला सुप्रीम कोर्टानं गौरव कुमार खटल्यात सांगितलं की कायद्यात लिहिलंय त्यापेक्षा जास्त घेता येणार नाही. गरिबाच्या पोराला वकिलीच्या दारातच अडवणं हे समानतेच्या विरोधात आहे, असा त्या निकालाचा अर्थ. मी सनद घेतली तेव्हा वडिलांनी कापसाच्या पट्टीतून पैसे बाजूला काढले होते, ते आठवलं. परवा आलेल्या पोरीच्या बापाला तो बोजा पडला नाही. हे चांगलं झालं, मोकळ्या मनानं म्हणायला पाहिजे.

भाषेचं दार उघडलं, कॉलेजचं उघडलं, फीचं उघडलं. आता हायकोर्टाचं.

औरंगाबादला खंडपीठ पाहिजे ही मागणी मराठवाड्यानं वर्षानुवर्षं केली. १९७८ ला विधिमंडळानं पाठिंब्याचा ठराव केला. शेवटी २७ ऑगस्ट १९८१ ला मुख्य न्यायमूर्ती व्ही. एस. देशपांडे यांनी राज्य पुनर्रचना कायद्याच्या कलम ५१(३) खाली आदेश काढला की न्यायमूर्ती औरंगाबादलाही बसतील. त्याला आव्हान दिलं गेलं. डिसेंबर १९८१ ला मुंबई हायकोर्टानंच तो आदेश रद्द केला. मग १९८२ ला सुप्रीम कोर्टानं तो पुन्हा कायम केला. १९८४ च्या २७ ऑगस्टपासून ते कायम खंडपीठ झालं. २०२५ च्या १८ ऑगस्टला कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालं, तेही याच कलमाच्या आधारानं. म्हणजे आपल्या लढ्यानं कोल्हापूरकरांची वाट मोकळी केली.

खंडपीठानं काय बदललं ते वडीगोद्रीतून स्पष्ट दिसतं. जायकवाडीचा डावा कालवा या भागातून गेला, जमिनी गेल्या, मावेजा तुटपुंजा मिळाला. पुढं धुळे-सोलापूर रस्ता चौपदरी झाला, पुन्हा जमिनी गेल्या. वाढीव मावेजासाठी अपील करायचं तर हायकोर्ट दीड-दोन तासांवर. सकाळी भाकरी बांधून निघालेला माणूस संध्याकाळी घरी. मुंबईला अपील असतं तर यातल्या निम्म्या लोकांनी केलंच नसतं.

पण याच खंडपीठाची दुसरी बाजू मी बार रूममध्ये बसून बघतोय. तालुक्यात जे पोरगं हुशार निघतं, ते दोन वर्षांत संभाजीनगरला जातं. दोष देत नाही. तिथं काम आहे, पैसा आहे, नाव आहे. इथं काय आहे? वाटणीचे दावे, मनाई हुकूम, रस्ता अडवल्याचे तहसीलमधले अर्ज, चेक बाऊन्स, पोटगी, दारू आणि मारामारीचे गुन्हे. पक्षकार शेतकरी. त्याच्याकडं पैसा येतो सोयाबीन-कापूस विकल्यावर. मोसंबीची बाग वाळली की वकिलाची फीही वाळते. आणि हा माणूस नवशिक्याकडं येत नाही, कारण आयुष्याची जमीन पणाला लागलेली असते.

त्यामुळं पहिली चार-पाच वर्षं पोरं सिनियरच्या खुर्चीमागं उभी असतात. तारीख घेणं, नकला काढणं, पुकारा झाला की धावणं. मिळतं काय? माझ्या पहिल्या वर्षी मला एसटीच्या पासाचे पैसे मिळायचे आणि दुपारी डब्यातली अर्धी भाकरी. सिनियर माणूस वाईट नव्हता. त्याच्याच घरी महिन्याला किती यायचं हे मी डोळ्यानं बघत होतो. त्यानं मला उर्दू कागदावरचे सर्व्हे नंबर ओळखायला शिकवलं, त्याची किंमत मी अजून फेडतोय. पण भाकरीवर संसार होत नाही. माझ्याबरोबरचे चौघं वकिली सोडून गेले. एक पतसंस्थेत, एक पोलिसात, दोघं शेतीवर. त्यातला एक माझ्यापेक्षा हुशार होता, हे मी आजही सांगतो.

ऑक्टोबर २०२४ ला बार कौन्सिल ऑफ इंडियानं परिपत्रक काढलं की ज्युनियरला शहरात महिना २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार विद्यावेतन द्यावं. द्यावं, म्हणजे शिफारस. सक्ती नाही. तालुक्यातला सिनियर १५ हजार कुठून देणार, याचं उत्तर परिपत्रकात नाही.

२० मे २०२५ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेला बसायचं तर आधी तीन वर्षं वकिली पाहिजे. हेतू बरोबर आहे. कोर्ट न बघितलेल्या माणसानं निकाल देऊ नये. पण ही तीन वर्षं फुकटात कोण काढू शकतो? ज्याच्या घरी नोकरी आहे, भाडं आहे, बागायत आहे तो. कोरडवाहू चार एकरवाल्याची पोरगी कशी काढणार?

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. शंभर वर्षांत वकिलीची दारं एकेक करून उघडत गेली. भाषा, बाईपण, कॉलेज, फी, हायकोर्टाचं अंतर. प्रत्येक दार कुणीतरी भांडून उघडलं. आता राहिलंय ते एकच, सनद मिळाल्यानंतरची पहिली तीन वर्षं. ते कुठल्या कायद्यात लिहिलेलं नाही, म्हणून त्यावर कुणी बोलत नाही.

हे फक्त आपलंच दुखणं नाही. अमेरिकेत साउथ डकोटा हे शेतीचं, विरळ वस्तीचं राज्य. तिथं खेड्यांकडच्या भागात वकीलच उरले नाहीत. २०१३ ला त्यांनी कायदा केला की जो वकील लहान परगण्यात जाऊन पाच वर्षं राहील, त्याला वर्षाला बारा हजार डॉलरच्या वर रक्कम मिळेल. राज्य, परगणा आणि वकिलांची संघटना मिळून ती देतात. एवढं लांब कशाला, आंध्र प्रदेशनं २०१९ ला नव्या वकिलांना पहिली तीन वर्षं महिना पाच हजार द्यायची योजना सुरू केली होती. डॉक्टरला आपण ग्रामीण सेवा करायला लावतो, कारण माणूस मरतो हे दिसतं. वकील नसल्यानं माणूस जमीन गमावतो, ते दिसत नाही, कारण ते हळूहळू होतं.

आणि वकील गावाजवळ का पाहिजे, हे आपल्या गावाइतकं कुणाला कळणार? इथून जवळच अंतरवाली सराटी. २०२३ ला तिथलं मराठा आरक्षणाचं उपोषण देशानं पाहिलं. २०२४ च्या जूनमध्ये ओबीसी आरक्षण वाचवण्यासाठी उपोषण झालं ते आपल्या वडीगोद्रीतच. दोन्ही मंडपांत आपलीच माणसं. बाजू कुठलीही घ्या, वाद आला तो निजामकाळच्या नोंदींवर. न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती जुनी दफ्तरं उघडायला लागली आणि मग सगळ्यांच्या लक्षात आलं की मोडी वाचणारा सापडत नाही, उर्दू दफ्तर वाचणारा सापडत नाही. माझ्याकडं दोन्हीकडची माणसं कागद घेऊन आली. "वकीलसाहेब, यात काय लिहिलंय?" जे वाचता आलं ते सांगितलं, नाही आलं तिथं हात जोडले. हे वाचणारी माणसं तालुक्याला होती. त्यांच्यामागं शिकायला कुणी टिकलं नाही, म्हणून ती विद्या त्यांच्याबरोबर गेली.

आता पोरीच्या प्रश्नाचं उत्तर.

बाळा, संभाजीनगरला गेलीस तर मी वाईट म्हणणार नाही. पण अंबडला बसायचं ठरवलंस तर माझ्या टेबलाला दुसरी खुर्ची आहे. महिन्याला ठरावीक रक्कम देईन. पंधरा हजार जमणार नाहीत, पण एसटीच्या पासावर भागवणार नाही. जे उर्दू कागद मला वाचता येतात ते तुला शिकवीन. मोडी तू शिक आणि मला शिकव. तीन वर्षं झाली की न्यायाधीशाच्या परीक्षेला बस, दाखला मी देतो. मग वाटलं तर जा.

आणि तालुक्यातल्या माझ्या वकील बांधवांना, आमदार-खासदारांना आणि बार कौन्सिलच्या निवडणुकीला मतं मागायला येणाऱ्यांना एकच विचारायचंय. तालुका कोर्टात बसणाऱ्या नव्या वकिलाला पहिली तीन वर्षं सरकारकडून आणि कल्याण निधीतून मिळून काही ठरावीक रक्कम द्यायला काय हरकत आहे? खंडपीठ मागितलं तेव्हाही लोक म्हणाले होते, होणार नाही.

ज्यांच्या माळ्यावर, ट्रंकेत आजोबा-पणजोबांचे उर्दू-मोडी कागद आहेत, त्यांनी ते रद्दीत घालू नका. प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नका, ओल धरते. सुती कापडात गुंडाळून ठेवा. मला सांगा, मी येऊन बघीन. येताना बहुतेक एक नवी वकीलही सोबत असेल.